युनिव्हर्सिटीचं बजेट कापलंय, पोरं वॉकआउट करतायत. याने खरंच काही होतं का?

मधला बाक

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी मिडवेस्टातल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी करतोय, तिसरं वर्ष, टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून शिकवतो. गव्हर्नरच्या नव्या बजेटमध्ये युनिव्हर्सिटीच्या अनुदानाला कात्री लागलीय. नक्की किती ते दर आठवड्याला बदलतंय म्हणून आकडा टाकत नाही, पण परिणाम आत्ताच दिसायला लागलेत. माझ्या सेक्शनला २४ मुलं असायची, या सेमिस्टरला ३६ आहेत आणि खोली तीच, मागची चार पोरं खिडकीच्या कट्ट्यावर वह्या मांडीवर घेऊन बसतात. कॉपियरला प्रत्येकाचा कोड दिलाय, महिन्याला २०० पानं, संपली की स्वतःच्या खिशातून. डिपार्टमेंट ऑफिसात दोघी होत्या, आता एकच. आणि माझ्या पुढच्या वर्षाच्या ऑफर लेटरमध्ये एक नवीन ओळ आलीय, 'निधी उपलब्ध असल्यास'. आधीची दोन्ही पत्रं काढून बघितली, त्यात ती ओळ नव्हती.

गुरुवारी अंडरग्रॅड पोरांनी वॉकआउट ठेवलाय. माझ्याच सेक्शनमधल्या एका मुलीने मला पत्रक दिलं आणि विचारलं, तुम्ही येणार ना? मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. एक तर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. दुसरं म्हणजे आईचं फोनवरचं वाक्य, तू तिकडे शिकायला गेलायस, मोर्चे काढायला नाही. आणि तिसरं, खरं सांगायचं तर हेच मुख्य, की घोषणा देऊन बजेट बदलतं यावर माझा विश्वासच बसत नाही. कुणी हे जवळून पाहिलंय का?

शंकासुर

नाही होत. धागा संपला. हलकेच घ्या.

पण सिरियसली, राज्याकडे पैसे नसतील तर पोरांनी ओरडून ते कुठून येणार? आणि या युनिव्हर्सिट्यांनी पण गेल्या काही वर्षांत काय कमी उधळलंय का, चकाचक जिम, डझनभर व्हाइस प्रेसिडेंट, फुटबॉल कोचचा पगार बघा एकदा. जरा चटका बसला की लगेच शिक्षण धोक्यात.

हिशेबनीस

शंकासुर, कोचच्या पगारावर सहमत, बाकी नाही. राज्याकडे पैसे असतात की नसतात हा प्रश्नच अर्धवट आहे, आधी कोणाचे कापतात ते बघा.

जवळपास सगळ्या राज्यांना दरवर्षी बजेटचा तोल सांभाळणं कायद्याने भाग आहे, केंद्र सरकारसारखी तूट काढून चालत नाही. मंदी आली की कराचं उत्पन्न पडतं आणि त्याच वेळी मेडिकेडवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, येणारे लोक वाढतात. मेडिकेडला हात लावता येत नाही, शाळांना लावला तर पालक अंगावर येतात, तुरुंग रिकामे करता येत नाहीत. उरलं काय? युनिव्हर्सिटी. आणि आमदारांच्या दृष्टीने युनिव्हर्सिटीचा मोठा गुण म्हणजे तिच्याकडे स्वतःचा नळ आहे, फी. आम्ही इकडून कापतो, तुम्ही तिकडून वसूल करा. अभ्यासक याला बॅलन्स व्हील म्हणतात, म्हणजे वाईट वर्षी सगळ्यात जास्त कापायचं आणि चांगल्या वर्षी थोडं परत द्यायचं. फक्त ते परत देणं सहसा पूर्ण होत नाही. २००८ च्या मंदीनंतर दहा वर्षं झाली, इकॉनॉमी कुठल्या कुठे गेली, तरी २०१८ मध्ये राज्यांचा सार्वजनिक कॉलेजांवरचा खर्च महागाई धरून २००८ पेक्षा ६.६ अब्ज डॉलर कमीच होता.

म्हणजे ज्याला तुम्ही बजेट कट म्हणता तो प्रत्यक्षात कर आहे, फक्त तो १९ वर्षांच्या पोरावर लावलेला असतो आणि त्याच्यासाठी त्याला कर्ज काढावं लागतं.

खारूताई

हिशेबनीस +१. शेवटचं वाक्य चोरणार आहे.

जुना पापी

मधला बाक, तुमची पोस्ट वाचून २००९ आठवलं. मी तेव्हा कॅलिफोर्नियात होतो, कॅम्पस सांगत नाही. नोव्हेंबरात यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, एका झटक्यात ३२ टक्के फीवाढ मंजूर केली, वर्षाची फी पहिल्यांदा १०,००० डॉलरच्या वर गेली. आणि हे कुठे, तर ज्या राज्याने १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये लिहून ठेवलं होतं की राज्यातल्या मुलांना ट्यूशन लागणार नाही!

दोन दिवसांत बर्कली कॅम्पसवर चाळीसेक पोरांनी व्हीलर हॉलचा वरचा मजला आतून बंद केला. त्यांच्या मागण्यांत फी तर होतीच पण काढून टाकलेल्या ३८ सफाई कामगारांना परत घ्या हीसुद्धा होती. मला तेव्हा ते विचित्र वाटलेलं, म्हटलं आपलं बघा ना आधी. नंतर कळलं की म्हणूनच बाहेर पावसात एवढी गर्दी उभी राहिली, नुसत्या फीवर ती राहिली नसती.

फीवाढ रद्द झाली का? नाही. पण शंकासुर हे ऐका. जानेवारी २०१० मध्ये गव्हर्नर श्वार्झनेगरने घटनादुरुस्ती सुचवली की तुरुंगांवर बजेटच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको आणि विद्यापीठांना १० टक्क्यांपेक्षा कमी नको. त्याच्या चीफ ऑफ स्टाफनेच पेपरवाल्यांना सांगितलं की कॅम्पसवरच्या निदर्शनांनी पारडं फिरलं. ती दुरुस्ती पुढे कुठेच गेली नाही ते सोडा, पण ज्याला घोषणा ऐकू जात नाहीत असं आपण धरून चालतो त्याला त्या ऐकू गेल्या होत्या.

शंकासुर

म्हणजे फी वाढलीच, आणि दुरुस्तीपण बारगळली. माझाच मुद्दा झाला की हा.

जुना पापी

अहो थांबा, गोष्ट संपलेली नाही. २०११ मध्ये चार वर्षांत ८१ टक्क्यांपर्यंत फी वाढू शकेल अशी योजना टेबलावर आली. त्याच नोव्हेंबरच्या १८ तारखेला यूसीच्याच डेव्हिस कॅम्पसवर ती पेपर स्प्रेची घटना झाली, फुटपाथवर हातात हात अडकवून बसलेली पोरं आणि त्यांच्या तोंडावर झाडांना औषध मारावं तसा फवारा मारत चाललेला पोलीस. युनिव्हर्सिटीने २०१२ मध्ये त्यासाठी १० लाख डॉलरची तडजोड केली, आणि नंतर २०१६ मध्ये बाहेर आलं की इंटरनेटवरून ते प्रकरण मागे ढकलायला त्यांनी पीआर कंपन्यांना किमान १,७५,००० डॉलर दिलेले. आम्ही तर परीक्षेचे पेपर पाठपोट छापत होतो तेव्हा, कागद वाचवायला.

पण २०१२ च्या नोव्हेंबरात प्रॉपोझिशन ३० आलं, म्हणजे लोकांच्या थेट मताला टाकलेला करवाढीचा प्रस्ताव. श्रीमंतांवर जास्त आयकर, सेल्स टॅक्समध्ये पाव टक्का वाढ, आणि ते पडलं असतं तर यूसीचे अजून २५ कोटी डॉलर जाणार होते. तोपर्यंत आमच्याकडची पोरं घोषणांवरून टेबलांवर आलेली, डायनिंग हॉलच्या दाराशी फोल्डिंग टेबल, त्यावर लॅपटॉप, मतदार नोंदणी. त्याच सप्टेंबरात राज्याने ऑनलाइन नोंदणी सुरू केली होती, दोन मिनिटांचं काम. प्रॉपोझिशन पास झालं आणि पुढची काही वर्षं ट्यूशन जागची हलली नाही. व्हीलर हॉल नसता तर ते टेबल लागलं असतं असं मला वाटत नाही. आणि नुसतं व्हीलर हॉल करून थांबले असते तर फी वाढतच गेली असती.

ओला खडू

छान प्रतिसाद जुपा. मी विस्कॉन्सिनची बाजू टाकतो, मॅडिसनची टीए युनियन म्हणजे टीएए, १९६६ पासूनची, या देशातली सगळ्यात जुनी.

२०११ ला व्हॅलेंटाइन डेला यांनी कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत, जाऊन गव्हर्नर वॉकरला लाल बदामाची कार्डं दिली, आमचं हृदय तोडू नका वगैरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथेच मुक्काम. दोनेक आठवडे लोक संगमरवरी फरशीवर झोपत होते, जगभरातून कोणीही फोन करून पिझ्झाचे पैसे भरायचं आणि खोके कॅपिटॉलला पोचायचे. टीए लोकांनी टीच-आउट काढलेले, म्हणजे तास बुडवायचा नाही, कॅम्पसबाहेर घ्यायचा. मधला बाक, हे तुमच्या कामाचं आहे, पुढे येतो त्यावर.

निकाल काय? अॅक्ट १० पास झाला, सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या युनियनांचे दात काढले, वॉकर २०१२ ची रिकॉल, म्हणजे मुदतीआधीच पदावरून हटवण्यासाठीची, निवडणूकही जिंकला. सपशेल हार. २०१५ ला त्याने युनिव्हर्सिटी सिस्टिमचे दोन वर्षांत ३० कोटी डॉलर कापायचं ठरवलं, आणि जाता जाता कायद्यातल्या युनिव्हर्सिटीच्या उद्दिष्टातून सत्याचा शोध हे शब्दच उडवले! बोंब झाल्यावर म्हणे मसुद्यातली चूक. शब्द परत आले, कपात ३० ची २५ झाली. शब्द वाचवणं सोपं असतं, पैसे वाचवणं अवघड.

शंकासुर

सत्याचा शोध ही टायपो 😂😂

टिंब टिंब

अवांतर: सीयूएनवाय म्हणजे न्यूयॉर्कची सिटी युनिव्हर्सिटी १९७६ पर्यंत फुकट होती हे किती जणांना माहीत आहे? १८४७ पासून. शहर दिवाळखोरीच्या दाराशी आलं आणि फी लागली ती लागलीच. १९८९ ला पोरांनी एकामागून एक कॅम्पस ताब्यात घेतले आणि गव्हर्नर मारिओ कुओमोने फीवाढीवर व्हेटो मारला. १९९१ ला तोच खेळ परत केला, तेव्हा मात्र फी वाढली. एकच युक्ती दोनदा चालत नाही.

हिशेबनीस

टिंब टिंब, ते अवांतर नाही, तोच मुद्दा आहे.

मला वाटतं आंदोलनाचा जोर किती याच्यापेक्षा ते कधी होतं याने जास्त फरक पडतो. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. गव्हर्नर जानेवारी-फेब्रुवारीत बजेट मांडतो, मार्च-एप्रिलमध्ये कमिट्यांच्या सुनावण्या, आणि खरी कापाकापी मे-जूनमध्ये, बंद दाराआड. आता तुमचं अॅकॅडमिक कॅलेंडर आठवा. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फायनल्स, मग कॅम्पस रिकामा. ज्या महिन्यात निर्णय होतो नेमका त्याच महिन्यात विद्यार्थी नावाचा प्राणी गावात नसतो.

अलास्का बघा. २०१९ ला गव्हर्नर डनलेवीने युनिव्हर्सिटीचे १३ कोटी डॉलर व्हेटोने उडवले, राज्याकडून येणाऱ्या पैशातले ४१ टक्के! तारीख २८ जून. सेमिस्टर संपून दोन महिने होत आलेले. व्हेटो फिरवायला ६० पैकी ४५ मतं हवी होती, ३७ पडली, कारण बाकीचे आमदार दुसऱ्याच गावात वेगळं अधिवेशन भरवून बसलेले. पुढे ऑगस्टमध्ये लोकांच्या रेट्याने तडजोड झाली, तीन वर्षांत मिळून ७ कोटी. म्हणजे जवळपास अर्धं वाचलं, पण मधले दोन महिने शिष्यवृत्ती मिळणार की नाही हेही पोरांना माहीत नव्हतं.

तुमचा गुरुवारचा वॉकआउट कुठल्या महिन्यात आहे आणि कमिटीची सुनावणी कधी आहे ते आधी बघा.

मधला बाक

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. हिशेबनीस, सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे, कॅपिटॉलमध्ये, लोकांची मतं ऐकायला दोन तास ठेवलेत. वॉकआउटवाल्यांपैकी निम्म्यांना हे माहीतच नव्हतं, मी आज सांगितलं.

दुर्बीण

मी कॅनडातल्या क्यूबेकमध्ये होते २०१२ ला, त्यामुळे राहवत नाही. तिथे पाच वर्षांत १,६२५ डॉलर फी वाढवायची होती, अमेरिकेच्या मानाने चिल्लर, तरी २२ मार्चला तीन लाखांवर विद्यार्थी संपावर होते. इकडच्यांना त्यातला कपड्यांवर लावलेला लाल चौकोन आणि भांडी वाजवणारे लोक तेवढे आठवतात. मला आठवतात त्या सभा. प्रत्येक विभागाची आमसभा, माइकसमोर दोन रांगा, एक बाजूने बोलणाऱ्यांची एक विरोधात, आळीपाळीने, आणि मग हात वर. संप पुढे चालवायचा का यावर परत परत मतदान! कंटाळा यायचा, चार-चार तास. पण ज्याने हात वर केलाय तो दुसऱ्या दिवशी पिकेटवर, म्हणजे दारावरच्या धरण्याला, येतोच, नेत्याने फतवा काढून ते होत नाही.

सरकारने ७८ नंबरचा कायदा आणला, ५० च्या वर माणसं जमणार असतील तर आठ तास आधी पोलिसांना कळवा. त्यानंतर ज्यांच्या घरात विद्यार्थी नाही असे लोकसुद्धा बाल्कनीत पातेली घेऊन उभे. सप्टेंबरच्या निवडणुकीत सरकार हरलं, नवीन सरकारने वाढ रद्द केली. जाता जाता, पुढच्याच वर्षी त्याच सरकारने वर्षाला तीनेक टक्के वाढ आणली, आणि तेव्हा लढायला कोणाच्यात त्राण नव्हतं. हेही लिहून ठेवते.

शंकासुर

क्यूबेक मान्य, पण ती मतदार पोरं होती. मधला बाकसारख्या परदेशी विद्यार्थ्याचं काय? त्याला ना मत ना कोणी विचारतं. आणि वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत २०२३ ला पोरांनी लाल रुमाल बांधून वॉकआउट केलाच होता ना, जुन्या खाणकामगारांची आठवण म्हणून. बोर्डाने २८ मेजर (पदवीचे मुख्य विषय) आणि १४३ प्राध्यापकांच्या जागा उडवल्याच.

खारूताई

उडवल्या हे खरं, पण तिथे आधी परदेशी भाषांचा अख्खा विभागच बंद होणार होता. आरडाओरडा झाल्यावर स्पॅनिश-चिनी शिकवण्यापुरते मोजके लोक राहिले. ज्याची नोकरी त्या मोजक्यांत राहिली त्याला विचारा वॉकआउट फुकट गेला का.

आता मत नसलेल्यांबद्दल. मी स्वतः एफ-१ वर असताना सुनावणीला गेलेय, दुसऱ्या राज्यात. बसमधून तीन तास, खोलीत बसायला जागा नाही म्हणून कॉरिडॉरमध्ये टीव्हीवर बघत उभे. नाव पुकारलं की माइक, समोर ट्रॅफिकसारखे तीन दिवे, हिरवा पिवळा लाल, दोन मिनिटं. मी आठ पानांचं भाषण लिहून नेलं होतं (हसू नका). पिवळा लागला तेव्हा मी दुसऱ्या पानावर, आणि समोरचे साहेब फोनमध्ये. भाषण ठेवून दिलं आणि पर्समधली पे-स्लिप काढून नुसती वाचली. पगार इतका, त्यातून युनिव्हर्सिटी फीपोटी इतकी परत कापते, हातात इतके, शिकवते ७२ मुलांना. त्यांनी मान वर केली आणि एकच प्रश्न विचारला, तुम्ही कुठल्या डिस्ट्रिक्टमधून?

मला मत नाही म्हटल्यावर मान परत खाली.

पुढच्या वर्षी आम्ही शहाणे झालो. मी तक्ते केले, आकडे काढले, आणि बोलायला उभा राहिला माझ्याच सेक्शनचा एक मुलगा, त्या साहेबांच्याच मतदारसंघातल्या शेतकऱ्याचा. घराण्यात कॉलेजला गेलेला पहिलाच. तो धड बोललाही नाही, कान लाल झालेले, नुसतं म्हणाला की हायस्कूलला तुम्ही आला होतात आणि मला सर्टिफिकेट दिलं होतंत. साहेबांनी फोन उलटा ठेवला.

ओला खडू

दंडवत खारूताई!

मधला बाक, व्हिसाचं मी बोलतो, वकील नाही पण दोनदा या भानगडीतून गेलोय. शांततेत निदर्शनाला उभं राहणं हा एफ-१ चा भंग नाही. पण हल्ली काळ बरा नाही, २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारावर विद्यार्थ्यांचे सेविस रेकॉर्ड (सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद) धडाधड टर्मिनेट झाले, कित्येकांचं कारण जुना किरकोळ पोलीस रेकॉर्ड. त्यामुळे अटक होईल असं काही अजिबात करू नका. इमारतीत बसून राहणं, पोलिसांनी हटा म्हटल्यावर न हटणं, ते नागरिक असलेल्यांना करू द्या, त्यात कमीपणा नाही. दुसरं म्हणजे तुम्ही टीए आहात म्हणून कर्मचारीसुद्धा आहात. कितीतरी राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना संपच बेकायदा आहे. तास रद्द केलात तर तो तुमच्यावर शेकेल. तास घ्या, मुलांना आधी कळवून बाहेर हिरवळीवर घ्या, हजेरी घेऊ नका. मी तर तेव्हा स्टॅटिस्टिक्सच्या तासाला बजेटचेच आकडे दिलेले.

शंकासुर

बरं बाबा. खारूताईंचा शेतकऱ्याचा मुलगा आवडला. कोचवर मात्र मी ठाम आहे.

मधला बाक

अपडेट देतो, उशीर झाला, ग्रेडिंग होतं.

गुरुवारी तास बाहेर घेतला. ३६ पैकी २९ आले, बाकीचे वॉकआउटला गेले असावेत किंवा झोपले असावेत. शेवटी सगळेच चौकात गेलो, मी कडेला उभा होतो. घोषणा नाही दिल्या, जमलंच नाही, घसा कोरडा पडला. पण नंतर पत्रकवाल्या मुलीबरोबर बसून यादी केली, अॅप्रोप्रिएशन (निधी ठरवणाऱ्या) कमिटीत १४ जण आहेत, कोणाच्या मतदारसंघातली किती मुलं आपल्याकडे आहेत. ११ जणांसाठी एकेक मिळालंय. तिघांसाठी अजून शोधतोय, एक तर इतक्या लांबच्या कोपऱ्यातला आहे की तिथून कोणी इकडे शिकायला येतं की नाही हीच शंका.

आईला सांगितलं. ती म्हणाली थंडी आहे, टोपी घाल. मी याला परवानगी धरतोय.

मंगळवारी बस पहाटे सव्वापाचला सुटते. हिशेबनीस, मागच्या दहा वर्षांचं अनुदान आणि फी शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता एका पानात कसा बसवायचा? माझी महिन्याची १३ पानं उरलीत आणि कमिटीतले १४ आहेत.

हिशेबनीस

पाठपोट छापू नका, मागची बाजू कोणी बघत नाही. राज्य कुठलं ते आणि युनिव्हर्सिटीचं नाव व्यक्तिगत निरोपाने कळवा, आज रात्री बनवून देतो. चौदावं पान माझ्याकडून.